आधी हजेरीपट, मग शब्द

मराठी शाळेत ‘प्रतिज्ञा’ म्हटलं की मुलांचा उजवा हात आपोआप पुढे येतो आणि ‘भारत माझा देश आहे’ सुरू होतं. रोजच्या परिपाठात त्या ओळी तोंडात इतक्या बसतात की त्या म्हणता म्हणताच मागचा पुढच्याला चिमटा काढत असतो. म्हणून नववी-दहावीच्या मुलांनी एकमेकांना मारहाण न करण्याचा आणि शाळेत टिकून राहण्याचा संकल्प करायचं ठरवलं, तेव्हा ‘प्रतिज्ञा’ हे नाव पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवलं आणि ‘शब्द’ म्हणायचं ठरलं. शब्द माणूस माणसाला देतो. तो मोडला तर ते समोरच्याला कळतं.

आमचा तालुका ऊसतोडीला जाणाऱ्या गावांचा. इथल्या माध्यमिक शाळांमध्ये शिक्षक आणि दहावीतली मुलं मिळून हे काम करतात. पुढे लिहिलंय ते त्याच कामातून हाती आलेलं आहे. ज्यांना आपल्या शाळेत सुरू करायचंय त्यांना कुठे अडकायला होतं ते आधीच कळावं, एवढ्यासाठी.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते. २ ऑक्टोबर किंवा ३० जानेवारी धरून कार्यक्रम ठरतो, फलक छापला जातो, सगळी शाळा मैदानात उभी राहून एका सुरात काहीतरी म्हणते आणि फोटो निघतात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीतून अहिंसेची जी सहा टप्प्यांची पद्धत शिकवली जाते, तिच्यात स्वतःचा शब्द देणं हा तिसरा टप्पा आहे. आधी माहिती गोळा करायची, मग इतरांना ती समजावून द्यायची, त्यानंतर शब्द. पुढे बोलणी, प्रत्यक्ष कृती आणि शेवटी समेट. पहिले दोन टप्पे गाळून थेट सह्या घेतल्या की मुलांना कळतच नाही, आपण नेमकं काय न करण्याचा शब्द देतोय.

वेळापत्रकही इथल्या हंगामाला धरून लागतं. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. तेव्हा जुलैत माहिती, ऑगस्टमध्ये शब्द आणि दिवाळीच्या सुट्टीआधी दुसरी फेरी, असा क्रम धरावा. ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली तर ज्यांच्यासाठी हे करायचं ती मुलं ट्रॅक्टरवर बसून गेलेली असतात.

माहितीची सुरुवात हजेरीपटापासून. मुख्याध्यापकांची परवानगी काढून वर्गशिक्षकांसमोर बसायचं आणि मागच्या वर्षीचा आणि चालू वर्षाचा नववीचा पट उघडायचा. या कामाला पाच ते सात मुलं पुरतात. नावं वहीत उतरवायची नाहीत, फक्त खाडे बघायचे. कोणत्या वारी जास्त, कोणत्या महिन्यात सलग, चाचणीच्या आधी की निकालानंतर. आठवडी बाजाराच्या दिवशीची गैरहजेरी बहुतेक ठिकाणी चटकन दिसते, ती घरच्या कामाची. पण एखाद्या विशिष्ट तासाच्या दिवशीच तिघं-चौघं गळत असतील तर प्रश्न घरचा नाही, शाळेचा आहे. हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. मोठ्यांना ते पटायला वेळ लागतो.

त्यानंतर चिठ्ठ्या. वहीच्या एका पानाचे चार तुकडे, सगळ्यांना सारखाच कागद आणि सारख्याच रंगाचं पेन, कारण जांभळ्या शाईची चिठ्ठी कुणाची ते साऱ्या वर्गाला माहीत असतं. नाव नाही, तुकडी नाही. मुली आणि मुलगे वेगळ्या खोल्यांत. प्रश्न तीनच: शाळेत किंवा शाळेच्या वाटेवर कुठे जायला नको वाटतं? काय झालं की दुसऱ्या दिवशी यावंसं वाटत नाही? त्या वेळी कुणी काय केलं असतं तर बरं झालं असतं? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांना सगळ्यात जास्त वेळ द्या. शब्दाचा मजकूर तिथूनच निघतो.

चिठ्ठ्या वाटण्याआधी एक गोष्ट मोठ्याने आणि स्पष्ट सांगावी लागते. कुणी अंगाला हात लावतंय, कुणाच्या जिवाला धोका आहे, असं काही लिहिलेलं निघालं तर ते गुपित राहणार नाही, मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसाकडे जाईल. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेत मिटवता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या पहिल्यांदा शिक्षकाने एकट्याने वाचायच्या, तसलं काही नाही याची खात्री करायची आणि मगच त्या मुलांच्या हातात द्यायच्या. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला असावा. मुलांनी यात शोधाशोध करायची नाही, जाब विचारायचा नाही. हे ठरलेलं नसलं तर कळवळ्याने एखादा मुलगा भलत्याच ठिकाणी जाऊन भिडतो.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांवरून शाळेचा नकाशा करायचा. पुठ्ठ्यावर इमारत, मैदान, पाण्याची टाकी, मुताऱ्या, सायकल स्टँड, फाटक, एसटीचा थांबा काढायचा आणि ज्या जागेचा उल्लेख चिठ्ठीत आला तिथे लाल टिकली चिकटवायची. कपाळाला लावायच्या टिकल्यांचं पाकीट त्यासाठी उत्तम, स्वस्त पडतं आणि टिकली काढून दुसरीकडे लावता येते. पुठ्ठा भरत जातो तसा वर्ग गप्प होत जातो. वर्गखोल्यांत टिकल्या तुरळक असतात, त्या साचतात पाण्याच्या टाकीमागे, मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात आणि फाटकाबाहेरच्या पन्नास पावलांत, म्हणजे जिथे मधल्या सुट्टीत एकही मोठा माणूस उभा नसतो. नकाशा बघून मुख्याध्यापकांनी फक्त देखरेखीची जागा बदलली, तरी अर्धं काम तिथेच होतं. आमचा आग्रह असतो की शब्द देण्याआधी एवढा बदल झालेला दिसलाच पाहिजे. नाही तर मुलांना वाटतं, सुधारायचं ते फक्त आपणच.

आता मजकूर. त्याची कसोटी एकच: ‘काल हे पाळलं का?’ याचं उत्तर हो किंवा नाही असं देता आलं पाहिजे. ‘मी अहिंसेच्या मार्गाने चालेन’ या वाक्याला ते देता येत नाही, म्हणून ते वाक्य बाद. चिठ्ठ्या समोर ठेवून मुलांच्याच भाषेत पाच वाक्यं करायची, जास्त नाहीत. बहुतेक शाळांत ती अशा धर्तीवर येतात:

ज्याला जे नाव नको, त्या नावाने मी त्याला हाक मारणार नाही.

राग आला तर हात उचलण्याआधी तिथून दहा पावलं लांब जाईन.

भांडण जुंपलं तर गोल करून बघत उभा राहणार नाही, मोबाइल काढणार नाही.

माझ्या गटातलं कुणी सलग तीन दिवस आलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाईन.

शाळा सोडायचा विचार मनात आला किंवा घरी निघाला, तर सोडण्याआधी गटातल्या दोघांना सांगेन.

पहिलं वाक्य साधं वाटतं, पण चिठ्ठ्यांत सर्वाधिक दुखणं तिथलं असतं. रंगावरून, अंगावरून, तोतरेपणावरून, बापाच्या कामावरून आणि जातीवरून ठेवलेली नावं. मारलेलं चार दिवसांत विसरतं, नाव मात्र पाचवीत चिकटतं ते दहावीपर्यंत सोबत येतं. त्यातही जातीवरून बोललेलं हे चिडवणं नव्हे, तो गुन्हा आहे. ते टोपणनावांच्या रांगेत बसवून सौम्य करायचं नाही.

तिसऱ्या वाक्याचं मोल आम्हाला उशिरा कळलं. दोघांच्या भांडणात माघार घ्यायला दोघंही तयार असतात, पण भोवती चाळीस जणांचं कडं असलं की माघार घेता येत नाही. कडं मोडलं तर भांडणाचा जोर ओसरतो. मारामारी करणाऱ्या चौघांना बदलणं अवघड असतं. बघणाऱ्या चाळिसांना पाठ फिरवायला सांगणं त्या मानाने कितीतरी सोपं.

आणि पाचवं वाक्य. इथे ‘मी शाळा सोडणार नाही’ असं लिहायचा मोह प्रत्येक शाळेत होतो. तो आवरावा. आई-बाप कोयता घेऊन निघाले, मुलीला बघायला पाहुणे आले, बापाने गॅरेजवर लावलं, तर चौदा वर्षांच्या पोराच्या हातात काय असतं? जे त्याच्या हातात नाही त्याचा शब्द त्याच्याकडून घेतला, की तो मोडल्याची लाज त्यालाच वाटते आणि तो वर्गमित्रांना तोंड दाखवत नाही. म्हणजे आपणच त्याला आणखी लांब ढकललं. ‘आधी सांगेन’ हे मात्र त्याच्या हातात असतं. आणि आधी कळलं तरच काही करता येतं.

शिक्षकांचाही शब्द लागतो, त्याच कागदावर, मुलांच्या वाक्यांखाली. छडी नाही, कान पिरगाळणं नाही, वर्गाबाहेर उभं करणं नाही, फीवरून किंवा वह्या नाहीत म्हणून वर्गासमोर बोलणं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, पण तो कायदा ६ ते १४ वयाचा. नववी-दहावीच्या वर्गात ‘ही मुलं त्यात येत नाहीत’ असा वाद निघतो. म्हणून ते शब्द म्हणून लिहून घ्यायचं, म्हणजे वादच राहत नाही. शिक्षकांनी सही केली नसेल तर मुलांकडूनही घेऊ नये. हातात छडी घेऊन अहिंसेचा कागद वाटलेला मुलं बरोबर ओळखतात.

कार्डाच्या बाबतीत एक जुना नमुना फार उपयोगी पडला. १९६३ साली अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्ध सत्याग्रहाला उतरणाऱ्यांकडून एक कार्ड भरून घेत. त्यावर दहा नियम होते, आणि त्यांतला एक मूठ, जीभ आणि मन या तिन्हींची हिंसा टाळण्याचा. पण आम्हाला शिकवण मिळाली ती त्याच कार्डावरच्या पुढच्या भागातून. मोर्चाशिवाय आणखी काय काम करू शकता, ते तिथे विचारलेलं होतं: निरोप पोचवणं, गाडी चालवणं, स्वयंसेवकांसाठी जेवण करणं, फोन घेणं, टाइप करणं, पत्रकं वाटणं. माणूस काय करणार नाही एवढ्यावरच ते थांबत नव्हतं.

आमच्या कार्डाचाही खालचा अर्धा भाग कामांचा असतो. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, वर पाच वाक्यं, खाली चौकटी. गैरहजर मुलाला वही देईन. नव्याने येणाऱ्याला एसटीत सोबत करीन. मधल्या सुट्टीत टाकीपाशी पाचवी-सहावीच्या मुलांजवळ उभा राहीन. गणित समजावून सांगेन. ज्या मुलाला शब्द देताना अवघडल्यासारखं होतं, तोसुद्धा यातल्या एखाद्या चौकटीत खूण करतोच. कधी कधी सगळ्यात जास्त मारामाऱ्या करणारा मुलगा टाकीपाशी उभं राहण्याची चौकट निवडतो, आणि ते काम तो मनापासून करतो. त्याला आजवर कुणी राखणीचं काम दिलेलंच नसतं.

कार्ड घरी न्यायला द्यायचं, सहीला एक आठवडा. वर्गात रांग लावून सह्या घेऊ नयेत. कुणी केली, कुणी नाही, याची यादी भिंतीवर लागता कामा नये आणि तुकडी-तुकडीत चढाओढही नको. पहिला शब्द फक्त २१ दिवसांचा. शाळेच्या वर्षाला तो फार छोटा वाटतो, पण २१ दिवस नजरेच्या टप्प्यात असतात. संपले की गटात बसून कोणतं वाक्य पाळता आलं नाही ते बोलायचं, हवं तर वाक्य बदलायचं आणि पुन्हा सही.

गट तिघांचे करा. दोघांचा केला तर एक गैरहजर झाल्यावर दुसरा एकटा उरतो, आणि एकट्याने कुणाच्या घरी जायचं धाडस होत नाही. तिघं एकाच वाडीचे किंवा एकाच एसटी मार्गावरचे असले तर बरं, जिवलग मित्र असायलाच हवेत असं नाही. सरकारी मोजणीत सलग महिनाभर न आलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. पण महिनाभरात ते कामाला रुळलेलं असतं, हातात रोजचे पैसे खेळायला लागलेले असतात. तिसऱ्या दिवशी त्याचं मन अजून शाळेत असतं.

घरी जाण्याची रीत ठरलेली हवी. वर्गशिक्षकांना सांगून, दिवस मावळायच्या आत, दोघांनीच. मुलीच्या घरी मुलींनी. हातात वही हवी, रिकाम्या हाताने जाऊ नये. दारात ‘का येत नाहीस?’ विचारलं की घरचे पुढे होतात आणि पोरगं आत जातं. ‘काल विज्ञानाचं एवढं झालं, ही माझी वही, उद्या परत दे’ म्हटलं की पाणी विचारलं जातं, बसायला होतं आणि कारण आपोआप बाहेर येतं. वही परत द्यायची म्हणजे शाळेत यायला निमित्तही मिळतं. घरच्यांशी वाद घालायचा नाही, उपदेश तर मुळीच नाही.

लग्नाची कुणकुण लागली तर तिथे अवाक्षर काढायचं नाही. परत येऊन त्याच दिवशी शिक्षकांना किंवा १०९८ ला सांगायचं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकाची असते, मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पुरं लागतं. कुणी कळवलं ते फुटू नये याची काळजी मोठ्यांनी घ्यायची. मुलांच्या अंगावर गावाचा रोष आला तर पुढच्या वर्षी कुणी दार वाजवायला जात नाही.

घरी जाऊन आलं की पुष्कळदा कारण अगदी सुटण्यासारखं निघतं. मुलींना एसटीचा पास मोफत आहे हेच माहीत नसतं, किंवा पासच्या फॉर्मवर शाळेचा शिक्का राहिलेला असतो. ऊसतोडीला निघालेल्या घराला हंगामी वसतिगृहाची माहिती दिवाळीआधी मिळाली तर आजी-आजोबांच्या भरवशावर मूल मागे राहू शकतं, टोळी निघायच्या आदल्या दिवशी मिळून काही उपयोग होत नाही. दहावीत एक-दोन विषय राहिलेल्याला वाटत असतं की आता सगळं संपलं. त्याला पुरवणी परीक्षा, एटीकेटीने अकरावी आणि बाहेरून बसायचा १७ नंबरचा अर्ज, या तीन वाटा कुणीतरी बसून सांगाव्या लागतात. दहावीतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं ते शिक्षकांपेक्षा चांगलं सांगतात.

शब्द मोडणारच. किती मोडतात याची धास्ती नसावी, मोडल्यावर काय होतं याकडे लक्ष असावं. इथे सगळ्यात घातक वाक्य शिक्षकांच्या तोंडून येतं, ‘तू तर सही केली होतीस ना?’ त्या क्षणी कार्ड म्हणजे नवी छडी होते, आणि दुसऱ्या दिवशी चार कार्डं फाटलेली सापडतात. ज्याने हात उचलला त्याला गटात बसवून दोनच गोष्टी विचारायच्या: हात उचलण्याच्या आधी काय घडलं, आणि ज्याला लागलं त्याच्यासाठी आता काय करतोस. उत्तर कृतीचं हवं, नुसती माफी नको.

समेट घडवायला दहावीची मुलं बसतात ती बरोबरीच्या दोघांच्या भांडणात. चौघांनी मिळून एकाला मारलं, जातीवरून बोललं, नको तिथे हात लावला, फोटो फिरवला, हत्यार दिसलं, यांतलं काहीही असेल तर ते मुलांकडे येता कामा नये. ते मुख्याध्यापक, सखी सावित्री समिती (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) आणि गरजेप्रमाणे पोलीस यांचं काम. अशा वेळी ‘हात मिळवा, मिटवून टाका’ म्हणणं म्हणजे ज्याला लागलं त्याच्यावर दुसऱ्यांदा हात उचलणं आहे.

गट बिघडतात ते दोन तऱ्हांनी. एक, हुशार आणि शिक्षकांच्या मर्जीतली मुलंच निवडली जातात, मग मागच्या बाकावरच्यांना तो सगळा ‘त्यांचा’ कार्यक्रम वाटतो. निम्मी मुलं तरी गेल्या वर्षी भरपूर खाडे असलेली हवीत, दाराआडची भाषा त्यांनाच कळते. दुसरं, गट पोलिसी करायला लागतो, वहीत नावं टिपून शिक्षकांना देतो. त्यासाठी नोंदवही मुद्दाम अपुरी ठेवतो: शंभर पानी, तीन रकाने. तिसऱ्या दिवशी किती जण गैरहजर, किती घरी गेलो, किती परत आले. कुणी कुणाला मारलं याचा रकाना त्यात नाही. किती सह्या झाल्या तेही लिहीत नाही, तो आकडा फक्त फलकाच्या कामाचा.

परत आलेल्या मुलाचा पहिला तास नाजूक असतो. ‘या, पाहुणे!’ एवढं एक वाक्य त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवायला पुरतं. त्याचं नाव पटावर तसंच असलं पाहिजे, मधल्या काळात लाल शाईने कमी केलेलं नको. बाकावरची जागा तीच, गटातल्या दोघांच्या मध्ये. हजेरीला त्याचं नाव बाकीच्यांसारखंच पुकारायचं आणि पुढचं नाव घ्यायचं. राहिलेला अभ्यास पहिल्याच दिवशी पुढ्यात टाकायचा नाही, आठवडाभर रोज एका विषयाची वही.

एप्रिलमध्ये एक काम उरतं. अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवी-आठवीला संपते आणि पुढचा वर्ग दुसऱ्या गावात असतो. गळती तिथेच सर्वाधिक, कारण एका शाळेने दाखला दिला आणि दुसऱ्या शाळेला ते मूल आपलं वाटायला अजून सुरुवात झालेली नाही. म्हणून परीक्षा संपायच्या आत आमची दोघं मुलं त्या शाळांत जातात, आठवीच्या मुलांची नावं, वाडी आणि एसटीची वेळ लिहून आणतात, मुलींकडून पासचे फॉर्म भरून घेतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडते त्या सकाळी दहावीतली तिघं ती यादी घेऊन थांब्यावर उभी असतात. पहिली गाडी साडेनऊला येते. उतरलेल्यांच्या नावापुढे खूण करायची. खूण न झालेल्या नावांसाठी तिसरा दिवस त्याच सकाळपासून मोजायचा.